घरच्या दुधासाठी मुंबईत एक गाय पाळता येईल का?

खाडीपलीकडची

नमस्कार. आम्ही मनोरीला राहतो. घर स्वतःचे आहे, मागे सुमारे पाच गुंठ्यांची वाडी, गोड्या पाण्याची विहीर आणि अठरा माड आहेत. घरात आम्ही सात माणसे असून रोज साडेतीन लिटर दूध लागते. सासूबाईंच्या काळात याच वाडीत गाय होती. गोठ्याचे छप्पर केव्हाच गेले, मात्र दगडी गव्हाण अजून जागेवर आहे. माझ्या धाकट्या मुलीने त्या गव्हाणीबद्दल विचारले, सासूबाईंनी तिला त्यांच्या कपिला गाईच्या गोष्टी सांगितल्या आणि तेव्हापासून घरात एकच विषय चालू आहे.

माझे यजमान रोज तरीने मार्व्याला आणि तेथून मालाडला जातात, त्यामुळे सकाळी सात ते रात्री आठ ते घरात नसतात. मी घरूनच शिवणकाम करते. सासूबाई 71 वर्षांच्या आहेत व त्यांचे गुडघे दुखतात. दूध विकायचे नाही, घरापुरतेच हवे आहे. कोणती गाय घ्यावी, खर्च किती येतो आणि मुंबईच्या हद्दीत परवानगी लागते का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे. सासूबाईंचे म्हणणे असे की गाय आणायची म्हणजे घरात एक माणूस वाढवायचे, आणि त्या माणसाला सुट्टी नसते.

रुईफूल

गव्हाण अजून शाबूत आहे हे वाचूनच फार बरे वाटले. घरच्या चिकाचा खरवस वीस वर्षांत खाल्लेला नाही. हा धागा मी शेवटपर्यंत वाचणार आहे.

वैरण

मी मुलुंडला राहतो, पण शहापूरजवळच्या गावी माझ्या भावाकडे दोन गाई आहेत आणि त्यांच्या चाऱ्याचा हिशेब मीच ठेवतो. तो येथे मांडतो, म्हणजे ताईंना अंदाज येईल.

सुमारे 400 किलो वजनाच्या गाईला दिवसाला 20 किलो हिरवा चारा आणि 5 किलो सुका चारा लागतो. त्यावर शरीर राखण्यासाठी दीड किलो आंबोण (पेंड-भरड्याचा खुराक) आणि दर अडीच लिटर दुधामागे आणखी एक किलो, असे धरावे. सरासरी सहा लिटर देणाऱ्या गाईला म्हणजे सुमारे चार किलो आंबोण झाले. आम्ही ज्या भावाने घेतो त्या भावाने (आंबोण 34 रुपये, हिरवा चारा 5 रुपये, सुका 12 रुपये किलो) दिवसाचा खर्च 300 रुपयांच्या आसपास जातो. 300 दिवस दुधाचे धरले तर 90,000 रुपये झाले.

येथपर्यंतचा हिशेब सगळेच करतात. पण गाय दोन वेतांमध्ये, म्हणजे एकदा विल्यापासून पुन्हा विईपर्यंत, साधारण चौदा महिने घेते, म्हणजे वर उरतात 120 दिवस, ज्यांत ती थेंबभर दूध देत नाही आणि खाते मात्र रोज. भाकड काळात आंबोण कमी केले तरी सव्वादोनशे रुपये रोजचे आहेतच, त्याचे 27,000. एकूण 1,17,000 रुपये. दूध 1,800 लिटर, त्यातले सुमारे 200 लिटर वासराचे. उरलेल्या 1,600 लिटरांनी भागले तर लिटरमागे 73 रुपये पडतात, आणि यात औषधे, गोठा, गाईची किंमत व तुमचे श्रम धरलेले नाहीत. वाडीत गवत लावले आणि भाताचा पेंढा ओळखीतून मिळाला तर हा आकडा बराच खाली येतो. पावसाळ्यापूर्वी पेंढ्याची गंजी उंच ओट्यावर आणि छपराखाली रचता आली पाहिजे, कारण भिजलेल्या पेंढ्याला बुरशी येते आणि तो गाभण गाईला घालणे धोक्याचे असते.

सायसाखर

मग ताईंनी हा खटाटोप का करावा, हे मला प्रामाणिकपणे विचारायचे आहे. पिशवीतले गाईचे दूध यापेक्षा स्वस्त आहे, ते पाश्चराइज केलेले असते आणि वर्षाचे 365 दिवस मिळते. वरच्या हिशेबाप्रमाणे चार महिने त्यांना पिशवीच आणावी लागणार आहे. गाईची हौस असेल तर आठवड्यातून एकदा एखाद्या गोठ्यावर जाऊन सेवा करता येते.

वैरण

सायसाखर, तुमचा प्रश्न रास्त आहे. पैसे वाचवायचे असतील तर गाय घेऊ नये, हे मीही म्हणतो. पण कोणत्या जनावराचे दूध आहे, त्याने काल काय खाल्ले, त्याला औषध चालू आहे का, हे पिशवीवर लिहिलेले नसते. दुधासोबत वाडीला खत मिळते. गाय दिवसाला दहा ते पंधरा किलो शेण टाकते आणि अठरा माडांना ते सोन्यासारखे आहे. आमच्या भावाने गेल्या सहा वर्षांत बाहेरून खत आणलेले नाही.

निवृत्त पशुवैद्य

मी परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. ते 1886 पासूनचे आहे. नंतर कोकणात चौतीस वर्षे नोकरी केली. वैरण यांनी भाकड काळ हिशेबात धरला, हे फार योग्य केले. एका गाईच्या घराने तिच्या दुधाच्या दिवसांचे नियोजन नंतर करावे आणि न देण्याच्या दिवसांचे आधी करावे, असे मी नेहमी सांगत आलो आहे, कारण माझ्या पाहण्यात जी घरे गाय विकून मोकळी झाली ती बहुतेक सगळी त्याच काळात झाली.

गाय विल्यानंतर दोन-तीन महिन्यांत ती पुन्हा गाभण राहिली पाहिजे. ती साधारण 21 दिवसांनी माजावर येते आणि माज फार तर 12 ते 18 तास टिकतो. कळपात दुसरी जनावरे तिच्यावर उडी मारतात, त्यावरून माज कळतो, पण एकट्या गाईचा माज घरातल्या माणसालाच ओळखावा लागतो. हंबरणे, खाण्यावरून लक्ष उडणे, वारंवार थोडी थोडी लघवी करणे आणि काचेसारखा सोट (चिकट स्राव) लोंबणे या खुणा आहेत. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी कृत्रिम रेतन करून घ्यावे. एक माज हुकला की तीन आठवडे गेले, आणि वैरण यांच्या हिशेबातले 120 दिवस असेच 180 होतात. गर्भकाळ सुमारे 280 दिवसांचा असतो. विण्याआधी 60 दिवस गाय आटवलीच पाहिजे, म्हणजे तिची धार काढणे बंद केले पाहिजे. तेवढी विश्रांती न दिल्यास पुढच्या वेताचे दूध घटते.

गाय घेताना दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेताची घ्यावी. पहिलारू गाय नवशिक्याच्या हाती देऊ नये, कारण तीही शिकत असते आणि तुम्हीही शिकत असता. विक्रेत्याच्या गोठ्यावर सलग दोन वेळा स्वतःच्या डोळ्यांसमोर धार काढून घ्यावी, चारही सड चालू आहेत का हे हाताने पाहावे आणि पहिल्या धारा काळ्या कापडावर घेऊन गुठळी दिसते का ते बघावे. क्षय आणि ब्रुसेलोसिस यांची तपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नयेत. हे दोन्ही आजार दुधातून माणसाला होऊ शकतात, म्हणून तपासलेल्या गाईचे दूधदेखील उकळूनच प्यावे. धारोष्ण दुधाचे कौतुक मला मान्य नाही.

आणखी एक गोष्ट. गाय कळपात राहणारा प्राणी आहे. ती एकटी बांधली तर झुरते, म्हणून वासरू जवळ ठेवावे आणि घरातल्या माणसाने दिवसातून काही वेळ नुसते तिच्यापाशी बसावे.

गिरगावकर

माझे बालपण गिरगावातल्या एका वाडीत गेले. आमच्या चाळीच्या मागे एका गवळ्याचा गोठा होता आणि सकाळची शाळा असली की गाईंच्या घंटांनी जाग येत असे. या शहराला गाय नवी नाही. चर्नी रोड हे नावच चरणीवरून आले, असे सांगतात. 1838 मध्ये सरकारने गुरे चारण्यावर शुल्क लावले तेव्हा सर जमशेटजी जिजीभाई यांनी स्वतःचे 20,000 रुपये घालून ठाकुरद्वारजवळची समुद्रालगतची कुरणे विकत घेतली व गरिबांची गुरे तेथे फुकट चरू लागली. भुलेश्वरचा पांजरापोळ त्याच्याही आधीचा, 1834 चा आहे आणि तेथे आजही गाई आहेत. वसुबारसेला आई मला तेथे नेत असे. ती त्या दिवशी गहू आणि गाईचे दूध वर्ज्य करी व संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी खाई.

ताईंच्या घरी वसुबारस स्वतःच्या गाईची होणार असेल तर माझा त्यांना पूर्ण पाठिंबा आहे.

आरेची लेक

गिरगावकर काकांनी जुनी मुंबई सांगितली, पुढचा भाग मी सांगते. माझे वडील आरे दुग्ध वसाहतीत नोकरीला होते आणि मी तेथेच वाढले. शहरभर दाटीने विखुरलेले तबेले एका जागी हलवावेत म्हणून 1949 मध्ये ही वसाहत उभी राहिली. त्यामागे दारा खुरोडी यांचे काम होते. 1963 चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना, त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांना मिळून देण्यात आला. वसाहतीत 32 तबेले आणि सुमारे 16,000 जनावरे होती. बहुतेक म्हशीच होत्या, कारण मुंबईला घट्ट दूध आवडते. आमच्या घरामागे पॅरा गवताचे हिरवेगार पट्टे होते आणि पहाटे अडीच-तीनला तबेल्यांतले दिवे लागलेले खिडकीतून दिसत.

पशुवैद्य काकांचे भाकड काळाबद्दलचे बोलणे मला विशेष पटले. मुंबईच्या तबेल्यांचा सगळा व्यवहारच त्या एका अडचणीभोवती फिरत आला आहे. ताजी व्यालेली म्हैस दुरून विकत आणायची, दूध आटले की काढून टाकायची आणि दुसरी आणायची, कारण या शहरात न देणारे जनावर पोसणे कोणाला परवडत नाही. मी लहान असताना मला हे समजत नसे. आवडती म्हैस एके दिवशी जागेवर नसली की वडील उत्तर टाळत. ताई, तुमच्या घरची गाय आटल्यावर जागेवरच राहणार असेल, तरच ती आणा, एवढे मी मनापासून सांगते.

आता धारेबद्दल. वासराने ढुसण्या दिल्यावर किंवा कास कोमट पाण्याने धुऊन चोळल्यावर गाय पान्हा सोडते आणि तो पाच-सात मिनिटेच टिकतो, म्हणून धार एकदा सुरू केली की मध्ये उठायचे नाही. सड पूर्ण मुठीत धरून दाबावा. अंगठा दुमडून त्यावर सड ओढण्याची सवय अनेकांना असते, तिने सडाला आतून इजा होते. बारा-बारा तासांच्या अंतराने दोन धारा, आणि वेळ घड्याळाप्रमाणे.

कलम व पोटकलम

परवानगीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. महाराष्ट्र नागरी क्षेत्रात गुरे पाळणे व त्यांची ने-आण यांवर नियंत्रण ठेवणारा 1976 चा कायदा आहे आणि त्यानुसार अशा क्षेत्रात गुरे ठेवण्यास परवाना लागतो. मनोरी गाव वाटले तरी महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. त्यामुळे एकच गाय आहे, घरच्या दुधासाठी आहे, म्हणून चालून जाईल असे समजू नये. महापालिकेच्या विभाग कार्यालयात आणि दुग्धविकास खात्याकडे लेखी अर्ज करावा व पोच जपून ठेवावी. गोठ्याची फरशी, मुताची नाली आणि शेणखताचा खड्डा यांचा साधा नकाशा सोबत जोडावा. शेण किंवा गोठ्याचे पाणी विहिरीकडे अथवा शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. तक्रारी दुधावरून होत नाहीत, वास आणि माश्या यांवरून होतात.

वसईची वाट

मी गाय पाळली होती आणि ती टिकवू शकलो नाही, म्हणून लिहितो.

वसईला आमचे बैठे घर आहे. पाच वर्षांपूर्वी मी एका दलालाकडून होल्स्टीन संकरित गाय घेतली. दिवसाला 16 लिटर दूध सांगितले होते आणि ती खरोखर 14 देत असे. घरात माणसे चार. उरलेल्या दुधाचे काय करायचे हे मी ठरवलेलेच नव्हते. शेजारी देता देता रतीब लागला, आणि रतीब लागला म्हणजे सणाला बाहेर जाणे संपले. पहिल्या पावसाळ्यात गोठ्याची जमीन ओली राहिली आणि तिला काससुजी झाली. एक दिवस मी दूध थोडे पाणचट आहे असे पाहिले आणि उद्या बघू म्हणून सोडून दिले. चौथ्या दिवशी तो सड कायमचा गेला. त्या एका दिवसाची टोचणी अजून आहे.

दुसऱ्या वेताला गोऱ्हा (नर वासरू) झाला. गोऱ्ह्याला आमच्याकडे नांगर नाही, गाडी नाही, आणि विकत घेणारेही कोणी नाही. 2015 पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, ते मला मान्य आहे, पण तो दहा-पंधरा वर्षे कोठे राहणार याचे उत्तर मी गाय आणण्यापूर्वी शोधायला हवे होते. शेवटी वाडा तालुक्याकडच्या एका नातेवाइकाने गाय आणि गोऱ्हा दोन्ही नेले. ती टेम्पोत चढेना, माझ्या बायकोने पुढे होऊन हाक मारली आणि ती तिच्या आवाजाने चढली. त्यानंतर बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही.

रुईफूल

वसईची वाट, तुमचे लिहिणे वाचून मघाचे माझे खरवसाचे वाक्य फार हलके वाटले. तुम्ही लिहिलेत हे बरे केलेत.

निवृत्त पशुवैद्य

वसईची वाट यांनी जे सांगितले ते मी शेकडो गोठ्यांवर पाहिले आहे. काससुजीत पहिले बारा तास मोलाचे असतात. धारेनंतर गाय अर्धा तास तरी खाली बसू नये, कारण तेवढा वेळ सडाचे तोंड उघडे असते. धार काढून होताच पुढ्यात वैरण टाकली की ती उभी राहते. इतका सोपा उपाय आहे.

गोऱ्ह्याच्या प्रश्नावर आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा मिळतात व त्यांत कालवड (मादी वासरू) होण्याची शक्यता सुमारे 90 टक्के असते. उरलेल्या दहा टक्क्यांची तयारी मात्र ठेवावीच.

वैरण

गाय कोणती, यावर माझे मत डांगी असे आहे. ती अकोले, इगतपुरीकडची, मुसळधार पावसात वाढलेली. तिच्या कातडीतून तेलकट स्राव येतो आणि पाणी अंगावर टिकत नाही. मनोरीच्या पावसाला दुसरी कोणती गाय इतकी पुरी पडेल?

निवृत्त पशुवैद्य

डांगीच्या काटकपणाबद्दल दुमत नाही, पण ती मुख्यतः कष्टाच्या बैलांसाठी नावाजलेली जात आहे आणि दूध बेताचेच देते. कोकण कपिला आकाराने लहान, खायला कमी आणि या हवेत रुळलेली, परंतु तिचेही दूध थोडेच. घरात साडेतीन लिटर लागत असताना वासराचा वाटा देऊन तेवढे उरले पाहिजे. गीर चांगली, पण तिची किंमत सध्या हौशी लोकांनी फार वाढवून ठेवली आहे. माझ्या मते सहा-सात लिटर देणारी, स्वभावाने गरीब अशी जर्सी संकरित गाय या घराला योग्य होईल. चौदा लिटरच्या मागे लागू नये. जातीपेक्षा स्वभाव आणि सड बघावेत.

वर्षातून दोनदा लाळ्या खुरकुताची लस, पावसाळ्यापूर्वी घटसर्प व फऱ्या यांच्या लसी, आणि लम्पीचीही लस टोचून घ्यावी. 2022 मध्ये महाराष्ट्रात लम्पीने किती गोठे रिकामे केले हे सर्वांना आठवत असेल. तो आजार चावणाऱ्या माश्या, डास व गोचीड यांच्यामार्फत पसरतो, म्हणून खाडीकाठच्या गोठ्याला संध्याकाळी धूर आणि जाळी दोन्ही हवे.

सायसाखर

शेणावर गोबरगॅस करता येईल का? तसे झाले तर हिशेब सुधारेल.

वैरण

एक घनमीटरच्या लहानात लहान संयंत्राला रोज 25 किलो शेण लागते. एका गाईत ते भागत नाही. खतच करावे.

खाडीपलीकडची

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण मधल्या काळात आम्ही पुष्कळ काही केले.

आरेच्या ताईंचे आणि वसईच्या दादांचे लिहिणे मी रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचून दाखवले. सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी प्रथमच सांगितले की त्यांची कपिला आटल्यावर सासऱ्यांनी ती विकली होती आणि त्या दिवशी त्या माहेरी गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा दावे रिकामे होते. वीस वर्षे आम्ही समजत होतो की गाय म्हातारी होऊन गेली.

दुसऱ्या दिवशीपासून सासूबाईंनी अट घातली की आधी हात तयार करा. उत्तनला आमच्या ओळखीच्या एका घरी दोन गाई आहेत. मी आणि माझी मोठी मुलगी तीन आठवडे पहाटे तेथे जात होतो. पहिले चार दिवस माझ्या हाताला गाय पान्हाच सोडत नव्हती. पाचव्या दिवशी अर्धा लिटर निघाले, आणि आता मी एका बैठकीत पूर्ण धार काढते. मुलगी शेण काढताना नाक धरत असे, तिने तिसऱ्या आठवड्यात स्वतःहून नाली धुतली. माज ओळखायलाही तेथेच शिकलो.

शेजारच्या घराशी बोलणे झाले आहे. त्यांनाही दोन लिटर दूध हवे आहे आणि ते आठवड्यातून तीन दिवस संध्याकाळची धार काढायला व आम्ही बाहेरगावी गेलो तर गाय सांभाळायला तयार आहेत. भाकड काळातला खर्च दोन्ही घरे निम्मा निम्मा करणार, हे वहीत लिहून दोघांनी सह्या केल्या. गोऱ्हा झाला तर तो वाडीतच राहील, हेही लिहिले आहे. त्यासाठी एक खुंटा जास्तीचा ठोकला.

परवान्याचा अर्ज नकाशासह दिला असून पोच घेतली आहे. परवाना हातात येईपर्यंत गाय आणणार नाही. तिसऱ्या वेताची, सात लिटरची जर्सी संकरित गाय वसई भागातल्या एका घरी पाहून ठेवली आहे. ती सात महिन्यांची गाभण असून नुकतीच आटवली आहे आणि तिच्या तपासण्या झाल्या आहेत. आणताना भाईंदर-उत्तन रस्त्याने आणू. सासूबाईंना देशी गाय हवी होती. त्या गाय बघायला आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला, तिने मान वळवून त्यांचा पदर चाटला आणि त्यानंतर त्यांनी जातीचा विषय काढला नाही.

गव्हाण घासून धुतली. दगडाला कोठेही तडा नाही. आता पशुवैद्य काकांना एकच विचारायचे आहे की विण्याच्या वेळी आम्ही काय करावे?

निवृत्त पशुवैद्य

शक्य तितके कमी करावे. जागा कोरडी ठेवा, पेंढा अंथरा आणि लांबून लक्ष ठेवा. कळा सुरू होऊन पाण्याची पिशवी फुटल्यावर तासाभरात वासराचे पाय दिसले नाहीत तर पशुवैद्याला बोलवा, स्वतः ओढू नका. वासराचे नाक-तोंड पुसून त्याला गाईपुढे चाटायला ठेवा आणि पहिल्या तासातच चीक पाजा. त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात त्याच्या पोटात गेला पाहिजे. खरवस त्यानंतर. झार (वार) बारा तासांत पडला नाही तर त्याला वजन बांधू नका आणि हाताने ओढू नका. गाय विल्यावर पहिले दोन-तीन दिवस कान गार लागले, ती लटपटली किंवा मान पोटाकडे वळवून बसून राहिली तर तो दुग्धज्वर समजावा आणि सकाळची वाट न पाहता शिरेतून कॅल्शियम देण्यासाठी डॉक्टरांना आणावे. तुमच्या भागातल्या पशुवैद्याचा क्रमांक आजच गोठ्याच्या खांबावर खडूने लिहून ठेवा.

खाडीपलीकडची

लिहिला, काका. मुलीने पुसला जाऊ नये म्हणून रंगाने लिहिला.